खेळलेला सामना पुसावा काय?

गेल्या वर्षीं आंतरशालेय स्पर्धेंत आपल्या शाळेच्या मुलींचा फुटबॉल संघ ज्या गटांत पडला होता, त्या गटांत एकंदर चार शाळा होत्या. पहिला सामना बरोबरींत सुटला. दोन्ही पक्षांस एकही गोल करितां आला नाहीं. परंतु पाऊस नुकताच उघडलेला, मैदान निसरडें, आणि प्रतिपक्षाच्या मुली आमच्या मुलींहून वयानें व अंगानें थोराड, असें असतां आमच्या मुलींनीं जी झुंज दिली ती पाहून मला धन्य वाटलें. दुसरा सामना पांच दिवसांनीं होता. त्या दिवशीं सकाळीं मैदानावर आमच्या पांचच मुली हजर होत्या. दोघी तापानें अंथरुणास खिळल्या होत्या. बाकीच्यांस सहामाही परीक्षा जवळ आली म्हणून घरच्या मंडळींनीं ठेवून घेतलें होतें. फुटबॉलच्या नियमाप्रमाणें प्रत्येक पक्षांत निदान सात खेळाडू असल्यावांचून सामना सुरूच करितां येत नाहीं. पंचांनीं पंधरा मिनिटें वाट पाहिली, घड्याळ पाहिलें, शिटी वाजविली, आणि आमचा संघ स्पर्धेंतून बाद झाला.

येथवर जें झालें त्याविषयीं माझी कांहींच तक्रार नाहीं. परंतु सायंकाळीं गुणांचा तक्ता लागला तेव्हां आमचें नांव तर त्यांतून गेलेंच होतें, पण ज्या शाळेशीं आम्हीं बरोबरी केली होती तिच्या नांवापुढचा एक गुणही नाहींसा झाला होता. तो सामना झालाच नाहीं असें समजावयाचें! इयत्ता नववींतील एक मुलगी मला म्हणाली, "सर, आमचा गुण गेला तो गेला; पण त्यांचा कां पुसला? त्या तर खेळल्या होत्या." मला त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. आणि तो विद्यार्थिनींइतकाच त्यांच्या आईवडिलांसाठींही आहे.

आमच्या मुलींवर जो प्रसंग आला तोच प्रसंग, कितीतरी मोठ्या प्रमाणावर, आपल्या राष्ट्रीय संघावर येऊन गेला आहे. आणि तोही दूर देशीं नव्हे, तर आपल्या महाराष्ट्रांत. सन २०२२ च्या जानेवारी महिन्यांत आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणें या तीन ठिकाणीं भरली होती. पुण्यांतील सामने बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपति क्रीडानगरींत झाले. बारा राष्ट्रें, त्यांचे चार-चारांचे तीन गट. ही स्पर्धा केवळ आशियाच्या अजिंक्यपदासाठीं नव्हती. पुढील वर्षीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें होणाऱ्या विश्वचषकाचा मार्ग तिच्यांतूनच जात होता. शेवटच्या आठांत जे संघ पोंचले, त्यांपैकीं ऑस्ट्रेलियास यजमान म्हणून जागा होतीच. दुसऱ्या पांच संघांस सरळ प्रवेश मिळाला, आणि उरलेल्या दोघांस खंडांतर्गत नव्हे तर खंडाखंडांमधील सामन्यांत आणखी एक संधि मिळाली. म्हणजे उपांत्यपूर्व फेरी गांठली कीं विश्वचषकाचें दार निदान किलकिलें झालें, असा हिशेब होता. आपल्या मुलींपुढें हें दार इतक्या जवळ पूर्वीं कधींही आलें नव्हतें.

भारत पहिल्या गटांत होता. सोबत चीन, चिनी तैपेई व इराण. ता. २० जानेवारी रोजीं नवी मुंबईंतील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारत व इराण यांचा सामना झाला आणि गोलशून्य बरोबरींत सुटला. आपल्या मुलींनीं संधि पुष्कळ निर्माण केल्या, पण चेंडू जाळ्यांत गेला नाहीं. दुसरा सामना ता. २३ रोजीं चिनी तैपेईशीं व्हावयाचा होता. त्या सुमारास करोनाची लाट चढती होती. काटेकोर बंदोबस्तांत राहूनही आपल्या संघांत रोग शिरला, आणि सामन्याच्या दिवशीं नियमानें आवश्यक असलेल्या तेरा खेळाडूंचीं नांवेंही देतां येईनात. साथीच्या काळासाठीं आशियाई फुटबॉल संघटनेनें जे विशेष नियम केले होते, त्यांप्रमाणें भारतानें स्पर्धेंतून माघार घेतली असें धरण्यांत आलें, आणि भारताचा झालेला सामना रद्दबातल ठरला.

मीं त्या वेळीं आपल्या शाळेंतील थोड्या मुलींना बालेवाडीस नेण्याचा बेत केला होता. साथीमुळें प्रेक्षकांस दारें बंद होतीं, म्हणून तो बेत मनांतच राहिला, आणि आम्हीं इराणचा सामना आपापल्या घरीं पडद्यावर पाहिला. दुसऱ्या सामन्याच्या दिवशीं सायंकाळीं एका मुलीच्या वडिलांचा मला फोन आला. मुलगी जेवत नव्हती. "खेळून हरल्या असत्या तर ती एव्हांना विसरली असती," असें ते म्हणाले, आणि मला तें अगदीं पटलें.

आतां इराणची बाजू पहा, कारण आमच्या नववींतील मुलीचा प्रश्न खरोखर त्याच बाजूचा आहे. इराणच्या महिला या स्पर्धेंत पहिल्यानेंच आल्या होत्या. याच देशाच्या मुलींना २०११ च्या जून महिन्यांत, लंडन ऑलिंपिकच्या पात्रता-फेरींत जॉर्डनविरुद्ध, डोक्यावरील वस्त्रामुळें खेळूंच दिलें नव्हतें. त्या मैदानावर आल्या, रडत परत गेल्या, आणि सामना ३-० असा जॉर्डनच्या नांवें लागला. पुढें जागतिक संघटनेनें आपला तो नियम बदलला व २०१४ मध्यें डोकें झांकून खेळण्यास रीतसर मोकळीक दिली. इतक्या वाटेनें आलेल्या त्या मुलींनीं नवी मुंबईंत यजमान राष्ट्राला रोखून एक गुण मिळविला, आणि तीन दिवसांनीं तो गुण नाहींसा झाला. त्यांना ना ताप आला होता, ना त्या मैदान सोडून गेल्या होत्या. चीनकडून ७-० व चिनी तैपेईकडून ५-० अशा त्या हरल्या. तेव्हां तो एक गुण राहिला असता तरी त्या पुढच्या फेरींत गेल्या असत्या असें नव्हे. परंतु शून्यावर घरीं जाणें आणि एका गुणानें घरीं जाणें यांतील अंतर ज्यानें मुलांस कधीं खेळविलें आहे त्याला सांगावें लागत नाहीं.

नियमाच्या बाजूनें जें बोलतां येण्यासारखें आहे तेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर आपण पक्षपाती ठरूं. समजा, भारत-इराण सामना तसाच मोजला आणि भारताचे पुढचे दोन सामने झालेच नाहींत. मग इराणला तीन सामन्यांचे गुण आणि चीन व चिनी तैपेई यांना दोनच सामन्यांचे. ही तुलना न्याय्य नाहीं. बरें, न झालेल्या सामन्यांत प्रतिपक्षास ३-० असा विजय बहाल केला, तर चीन व तैपेई यांना न खेळतां तीन-तीन गुण, आणि जें इराण खरोखर घाम गाळून खेळलें त्याला मात्र एकच. हें तर पहिल्याहून वाईट! म्हणून क्रम लावण्यापुरता विचार केला तर तिघांनीं एकमेकांशीं खेळावें व त्यांतूनच निकाल लावावा, हाच सर्वांत कमी अन्यायाचा मार्ग उरतो. आमच्या स्पर्धेंतही पंचमंडळानें हेंच केलें. त्या मुलीला मीं पुढें हा हिशेब फळ्यावर मांडून दाखविला. तिला तो समजला; समाधान झालें असें मात्र तिच्या चेहऱ्यावरून दिसलें नाहीं, आणि तिचें समाधान न होणें मला योग्य वाटतें.

कारण क्रम लावणें ही एक गोष्ट, आणि घडलेलें न घडलें असें म्हणणें ही दुसरी. तक्त्यांतून गुण वजा करा. पण सामना झाला, इतके वाजतां झाला, निकाल ०-० लागला, ही नोंद कां नाहींशी करावी? व्यापारी आपल्या कीर्दींत चुकलेली रक्कम खोडतो तेव्हां ती वाचतां येईल अशा बेतानें एकच रेघ ओढतो. पान फाडीत नाहीं. पान फाडलेली कीर्द कोणत्याही सराफ्यांत खरी मानीत नाहींत.

दुसरा आक्षेप 'माघार' या शब्दावर. रोगानें पाडलेला माणूस माघार घेत नाहीं. माघार म्हणजे काय, हें पाहावयाचें असेल तर याच खेळाच्या इतिहासांत पाऊण शतक मागें जावें लागेल, आणि दुर्दैवानें उदाहरण आपलेंच आहे. १९५० सालीं ब्राझील देशांत विश्वचषकाची स्पर्धा व्हावयाची होती. पात्रतेसाठीं आशियाचा एक गट केलेला होता, तो दहावा. त्यांतील ब्रह्मदेश, फिलिपाइन्स आदि प्रतिस्पर्धी खेळण्यापूर्वींच बाजूला झाले, आणि भारत एकही सामना न खेळतां पात्र ठरला. तेथें इटली, स्वीडन व पराग्वे यांच्या गटांत आपलें नांवही पडलें. आणि आपण गेलोंच नाहीं! अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून गेलों नाहीं, अशी गोष्ट आपल्याकडे आजोबांपासून नातवांपर्यंत सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें आपले पुष्कळसे खेळाडू अनवाणी खेळले होते व फ्रान्सकडून २-१ असे थोडक्यांत हरले होते, इतकें खरें. त्या सामन्यांत दोन पेनल्टी आपण वाया घालविल्या, हेंही खरें. परंतु १९५० सालीं न जाण्याचें कारण तें नव्हतें, असें त्या पिढींतील नामांकित खेळाडू शैलेन मन्ना यांनींच पुढें सांगितलें. लांबचा प्रवास, खर्चाची काळजी, आणि ऑलिंपिकपुढें विश्वचषकाची थोरवी न कळणें, हींच कारणें अभ्यासकांस संभवनीय वाटतात. ब्राझीलवाले खर्चाचा मोठा भाग उचलण्यास तयार होते असेंही सांगतात. गटांत तीनच संघ राहिले, स्वीडन पुढें गेलें, आणि पुरुषांच्या विश्वचषकांत भारताचें पाऊल त्यानंतर आजवर पडलेलें नाहीं. (२०२२ सालच्या आपल्या महिला संघाचे प्रशिक्षक थॉमस डेनरबी हे स्वीडनचेच, हा योगायोग जातां जातां.)

तेव्हां १९५० सालीं न खेळतां दार उघडलें आणि आपण उंबऱ्यावरून परतलों. २०२२ सालीं मुली उंबऱ्यापाशीं उभ्या होत्या आणि दार लागलें. दोन्ही ठिकाणीं कागदोपत्रीं एकच शब्द. माझ्या मतें हा शब्दाचा अन्याय गुणाच्या अन्यायाहून लहान नाहीं. 'असमर्थ' म्हणा, 'अनुपस्थित' म्हणा. जे गेलेच नाहींत आणि ज्यांना जातां आलें नाहीं त्यांना एका ओळींत बसवूं नका.

फिलिपाइन्सचें नांव वर आलें, त्याविषयीं आणखी थोडें. १९५० मध्यें आपल्याच गटांतून जो देश न खेळतां गेला, त्याच देशाच्या मुलींनीं ता. ३० जानेवारी २०२२ रोजीं आपल्या पुण्यांत, बालेवाडीच्या रिकाम्या प्रेक्षागारापुढें, चिनी तैपेईशीं १-१ अशी बरोबरी केली, पेनल्टींवर ४-३ असा विजय मिळविला, आणि फिलिपाइन्स हें राष्ट्र फुटबॉलच्या विश्वचषकास प्रथमच पात्र झालें. निर्णायक पेनल्टी मारणारी सरीना बोल्डेन. पुढें २०२३ च्या जुलैंत न्यूझीलंडमध्यें, यजमान संघाविरुद्ध, त्या देशाचा विश्वचषकांतील पहिला गोल तिनेंच केला, आणि त्या एका गोलावर सामना जिंकला. आपल्या शहरांतील किती मुलांना ठाऊक आहे कीं एका देशाच्या खेळाच्या इतिहासाचें पहिलें पान बाणेर-बालेवाडीच्या रस्त्यावर लिहिलें गेलें? क्रिकेटचा सामना असता तर रिक्षावाल्यांसही तारीख पाठ असती.

आपल्या मुलींची हकीकत २०२२ मध्यें संपली नाहीं. पुढच्या आशियाई स्पर्धेसाठीं यजमानपणाची सवलत नव्हती. पात्रता-गट खेळून जाणें भाग होतें. तो गट २०२५ च्या जून-जुलैंत थायलंडमधील चिआंग माई येथें झाला. गटांत पांच संघ, आणि वर जाणार एकच. भारतानें मंगोलियास १३-०, तिमोर-लेस्तेस ४-० व इराकला ५-० असें हरविलें. तिकडे थायलंडनेंही त्याच तिघांना हरवून भारताइतकेच, म्हणजे बावीस, गोल केले होते, आणि दोघांवरही एकसुद्धां गोल झालेला नव्हता. गुण समान, गोल समान! ता. ५ जुलै रोजीं दोघांची गांठ पडली. थायलंड हा २०१५ व २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला संघ, मैदानही त्यांचें. पहिल्या अर्धांत संगीता बासफोरनें दुरून गोल केला. उत्तरार्धाच्या आरंभींच थायलंडनें तो फेडला. आणि संगीतानेंच चौऱ्याहत्तराव्या मिनिटास दुसरा करून सामना २-१ असा जिंकून दिला. पात्रता-गट खेळून व जिंकून भारताच्या महिलांनीं या स्पर्धेचा प्रवेश मिळविला, असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें. २०२६ सालच्या ऑस्ट्रेलियांतील स्पर्धेचें दार त्यांनीं स्वतः उघडलें.

या गटांत मला विशेष वाटते ती मंगोलियाची गोष्ट. तेरा गोल झाले असतांही त्या मुली पुढच्या सामन्यास उभ्या राहिल्या. लाज वाटून किंवा कंटाळून त्या निघून गेल्या असत्या, तर भारताचे तेरा गोल आणि थायलंडचे अकरा गोल असे सगळे तक्त्यांतून गेले असते आणि हिशेब पुन्हा मांडावा लागला असता. गट म्हणजे सामाईक वही आहे. तिच्यांत प्रत्येकाचा आंकडा दुसऱ्याच्या आंकड्यास बांधलेला असतो; एक जण उठून गेला कीं दुसऱ्याची बेरीज चुकते. ज्या शाळेचा गुण आमच्यामुळें गेला, तिच्या मुलींनीं आमचें काय वांकडें केलें होतें?

येथें मी पालकांकडे वळतों. परंतु त्यापूर्वीं माझा स्वतःचा दोष सांगणें प्राप्त आहे. मीं संघाच्या यादींत अकरा व राखीव दोन, अशीं तेराच नांवें दिलीं होतीं, कारण आणखी मुली मिळत नाहींत म्हणून मी शोध सोडून दिला होता. स्पर्धेच्या तारखा सहामाहीच्या लगत आहेत हें मला जून महिन्यांतच दिसलें होतें. तरी मीं त्या वेळीं कोणाशीं बोललों नाहीं. पालकांनीं आयत्या वेळीं मुलींना ठेवून घेतलें, कारण मीं त्यांना आयत्या वेळीं कळविलें. एका मातोश्रींनीं मला सांगितलें, "सर, तुम्ही खेळाचें सांगतां, पण अंधार पडल्यावर मुलीला मैदानावरून घरीं कोण आणणार?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आणि असावयास हवें होतें. जी माता दिवसभर नोकरी करून सात वाजतां घरीं येते तिला मीं खेळाचें महत्त्व शिकवावें, हा उद्धटपणा होय.

मात्र परीक्षेच्या बाबतींत मी इतका नमतें घेणार नाहीं. मुलगा क्रिकेट खेळत असेल तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यांतही त्याला सामन्यास जाऊं देणारीं घरें मीं पाहिलीं आहेत; तेथेंच मुलीच्या बुटांस मात्र ऑगस्टमध्येंच कुलूप लागतें. ज्या आठ मुली त्या सकाळीं आल्या नाहींत, त्यांपैकीं सहा घरीं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. मीं नंतर त्यांना एकेकीला विचारलें. एकीनेंही त्या सकाळीं कांहीं वाचलें नव्हतें. एक जण गच्चीवरून रस्त्याकडे पाहात होती, कोणी मैत्रीण बोलवावयास येते काय म्हणून. एका सामन्यास जाऊन-येऊन तीन तास लागतात. त्या तीन तासांत गणिताचे किती प्रश्न सुटले असते याचा हिशेब पालकांनीं जरूर करावा. पण त्याबरोबर हाही करावा कीं आपली मुलगी न गेल्यानें इतर बारा मुलींचे व समोरच्या अकरा मुलींचे किती तास व्यर्थ गेले.

स्पर्धा चालविणाऱ्या मंडळाकडे आम्हां शिक्षकांपैकीं तिघांनीं मिळून एक पत्र दिलें आहे. आजारीपणाचा दाखला असेल तर सामना एकदां, आठ दिवसांच्या आंत, पुढें ढकलतां यावा, असें आम्हीं त्यांत सुचविलें आहे. तरीही एखादा संघ बाद झालाच, तर गुण वजा करावेत पण झालेल्या सामन्यांचे निकाल तक्त्याखालीं छापावेत, अशीही विनंती केली आहे. मंडळाचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. तोंवर आपल्या शाळेपुरतें, क्रीडाविभागाच्या नोंदवहींत तो बरोबरींत सुटलेला सामना मीं तारखेसह लिहून ठेविला आहे, आणि त्याची एक प्रत त्या दुसऱ्या शाळेच्या क्रीडाशिक्षिकाबाईंकडे पाठविली आहे. त्यांचें आभाराचें पत्र आलें. त्यांच्या मुलींनीं तें सूचनाफलकावर लाविलें असें कळतें.

यंदा यादींत अठरा नांवें घ्यावयाचीं आहेत. सराव मंगळवार, गुरुवार व शनिवार असा सकाळीं शाळेपूर्वीं होईल, म्हणजे अंधाराचा प्रश्न राहणार नाहीं. सामन्यांच्या तारखा हातीं येतांच त्याच दिवशीं घरोघर लेखी कळविल्या जातील. ज्यांना परीक्षेमुळें, आजारीपणामुळें किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणानें मुलीस पाठवितां येणार नाहीं, त्यांनीं निदान तीन दिवस आधीं मला सांगावें. कारण विचारलें जाणार नाहीं, आणि तिच्या जागीं दुसरी मुलगी उभी करितां येईल. संमतिपत्रें वर्गशिक्षकांकडे ठेविलेलीं आहेत.